दोघांनाही विकलं तर बिघडलं कुठे?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी लिहून गेले होते की लढणाऱ्या दोन्ही देशांना शस्त्रं पुरवणारा मला एकालाच पुरवणाऱ्यापेक्षा जास्त दोषी वाटतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी दुसरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. काहींनी माझं म्हणणं खोडून काढलंय, काहींनी स्वतःच्या घरातलं लिहिलंय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, पण जी घेतलीत ती मनापासून लिहिलेली आहेत आणि उत्तरंही तशीच द्यायचा प्रयत्न केलाय.

प्रश्न : ताई, तुमचं मत पटलं नाही. एकालाच शस्त्रं दिली तर आपण त्याच्या बाजूने युद्धात उतरलो असं होतं. दोघांनाही एकाच भावात विकली तर निदान पक्षपात तरी होत नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदाराने गिऱ्हाईकाचं तोंड बघून माल द्यायचा का?
– एक वाचक, सांगली

दुकानाचंच घेऊया. तुमच्या गावात दोन भावांचं बांधावरून पेटलंय, एकाचं डोकं फुटलंय, दुसऱ्याचा पोरगा दवाखान्यात आहे, आणि संध्याकाळी दोघंही पाठोपाठ तुमच्या दुकानात येऊन कोयता मागतात. तुम्ही दोघांनाही दिला, भावही एकच लावला. गावात कोणी याला निष्पक्षपणा म्हणेल का? मला तर वाटतं तुम्ही तो कोयता देणारच नाही, शटर ओढून घ्याल आणि गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला फोन लावाल. देशांच्या बाबतीत आपण हे इतक्या सहज का विसरतो ते मला कळत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर हल्ला केला आणि युद्धबंदी झाली थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. आठ वर्षांत दोन्हीकडची मिळून लाखो माणसं मेली आणि सीमा जवळपास होती तिथेच राहिली. एवढं लांबलेलं युद्ध चालवायला जो दारूगोळा लागतो तो ना इराणकडे पुरेसा बनत होता ना इराककडे, म्हणजे तो बाहेरून येत राहिला म्हणूनच युद्ध चालत राहिलं. चीनने दोघांनाही रणगाडे आणि विमानं विकली. फ्रान्स उघडपणे इराकला मिराज विमानं आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रं देत होता आणि त्याच वेळी तिथली एक कंपनी कागदोपत्री भलत्याच देशांची नावं लावून इराणला तोफगोळे पाठवत होती. अमेरिकेचं तर काय सांगावं, १९८३ पासून ते जगभर फिरून सगळ्यांना सांगत होते की इराणला शस्त्रं देऊ नका, इराकला उपग्रहातून मिळालेली माहिती पुरवत होते, आणि १९८५-८६ मध्ये स्वतःच गुपचूप इराणला रणगाडाविरोधी टो क्षेपणास्त्रं पोचवत होते, सुरुवातीला इस्रायलमार्फत आणि मग थेट. नोव्हेंबर १९८६ मध्ये लेबनॉनच्या एका मासिकाने ते फोडलं तेव्हा जगाला कळलं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ऑस्ट्रियाच्या प्रकरणाने. छोटा देश, १९५५ पासून घटनेतच तटस्थ, आणि लढणाऱ्या देशाला युद्धसामग्री विकायची नाही असा कायदासुद्धा केलेला. तिथे लीझेन नावाच्या डोंगराळ भागातल्या गावात सरकारी पोलाद कंपनीचा एक कारखाना होता, नोरिकम. पोलादाचा धंदा बसत चाललेला, हजारो कामगारांच्या नोकऱ्या टांगणीला लागलेल्या, आणि नोरिकमकडे एक उत्तम तोफ होती, १५५ मिलिमीटरची, चाळीस किलोमीटरच्या आसपास मारा करणारी, जेराल्ड बुल या कॅनेडियन इंजिनीअरने डिझाइन केलेली. (आपल्या लष्कराने ८० च्या दशकात अशी तोफ घ्यायचं ठरवलं तेव्हा शेवटच्या चार कंपन्यांत बोफोर्सच्या जोडीला ही ऑस्ट्रियन कंपनीसुद्धा होती, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात नाही.) कायद्याने ती तोफ ना इराणला देता येत होती ना इराकला. मग कागद केले. एका खेपेवर जॉर्डनचं नाव, त्या तोफा इराकला गेल्या. दुसऱ्या खेपेवर लिबियाचं नाव, त्या इराणला. म्हणजे आघाडीच्या दोन्ही बाजूंना त्याच कारखान्यातली तीच तोफ.

अथेन्समध्ये ऑस्ट्रियाचे राजदूत होते हर्बर्ट आम्री. जुलै १९८५ मध्ये त्यांना तिथे कळलं की तोफा इराणला चालल्यात, आणि त्यांनी व्हिएन्नाला एकामागून एक टेलेक्स पाठवले. त्याच महिन्यात ते अचानक वारले, हृदय बंद पडून असं सांगितलं गेलं. नंतर पत्रकारांनी युगोस्लाव्हियाच्या बंदरावर थांबलेल्या तोफांचे फोटोच काढले. १९९१ मध्ये लिंझच्या कोर्टात कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, माजी मंत्र्यांवरही खटला चालला पण मुख्य आरोपातून ते सुटले.

आता तुम्ही मला सांगा, यात निष्पक्षपणा कुठे आहे? निष्पक्ष माणसाला भांडण मिटलं तर बरं वाटतं. दोघांना माल पुरवणाऱ्याची पुढची ऑर्डर भांडण मिटलं की बंद होते. तो दोघांपैकी कोणाचाच शत्रू नाही हे खरं, पण दोघांच्या तहाचा मात्र आहे. एका बाजूला मदत करणारा निदान असं म्हणू शकतो की याचं म्हणणं मला न्यायाचं वाटतं, आक्रमण त्याच्यावर झालंय. ते चूक असेल पण त्यात काहीतरी कारण आहे, त्यावर वाद घालता येतो. दोघांना विकणाऱ्याकडे पैसे सोडले तर कारणच उरत नाही. म्हणून मी गेल्या वेळी तसं लिहिलं होतं आणि अजूनही माझं तेच मत आहे.

लीझेनच्या कामगारांचं मात्र मला वाईट वाटतं. कारखाना बंद पडला असता तर त्या गावाने काय खाल्लं असतं, हा प्रश्न खोटा नव्हता. तो त्यांच्या सरकारने सोडवायचा होता, इराणच्या खुझेस्तान प्रांतातल्या खंदकातल्या पोरांच्या जिवावर सोडवायचा नव्हता.

प्रश्न : चाकू विकणाऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. मग शस्त्र विकणाऱ्यालाच का धरायचं? ज्याने चालवलं तो जबाबदार.
– एक वाचक, ठाणे

हा मुद्दा सहा-सात जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलाय. कायद्यात याचं उत्तर आधीच आलेलं आहे, आणि तेही शस्त्राबद्दल नाही तर कापड उद्योगात वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाबद्दल.

थायोडायग्लायकॉल. छपाईच्या शाईत, कापड रंगवताना वापरतात. त्याच्यापासूनच मस्टर्ड गॅस बनतो, ज्याने अंगावर फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसं जळतात. फ्रान्स व्हॅन अनराट नावाच्या डच व्यापाऱ्याने ८० च्या दशकात हे रसायन हजार टनांहून जास्त इराकला विकलं. इराकने मस्टर्ड गॅस इराणी सैनिकांवर वापरला, जून १९८७ मध्ये सरदश्त या इराणी गावावर टाकला, आणि १६ मार्च १९८८ ला हलब्जा या स्वतःच्याच देशातल्या कुर्द गावावर विषारी वायूंचा मारा केला. हलब्जात एका दिवसात हजारो माणसं गेली. दारात, उंबऱ्यावर, पोराला कुशीत धरून पडलेल्या माणसांचे फोटो आहेत, ज्यांनी बघितलेत ते विसरू शकत नाहीत.

डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या कोर्टाने अनराटला युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती १७ केली आणि नंतर थोडी कमी झाली. वंशसंहारात साथ दिल्याच्या आरोपातून मात्र कोर्टाने त्याला सोडलं, कारण इराकचा तसा हेतू होता हे त्याला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही. हा फरक नीट बघा. कोर्टाने त्याने काय विकलं एवढंच बघितलं नाही, त्याला काय माहीत होतं हे बघितलं. आपला माल कशासाठी चाललाय हे कळत असूनही तो विकत राहिला, तिथे तो अडकला.

म्हणजे तुमचा चाकूवाला निर्दोष आहे तो त्याला माहीत नाही म्हणून. माहीत असेल तर आपल्याकडच्या कोर्टातसुद्धा तो सुटणार नाही. आणि चालू युद्धात उतरलेल्या देशाला तोफगोळे विकताना ते कशासाठी चाललेत हे माहीत नव्हतं असं कोण म्हणू शकेल?

प्रश्न : आपण नाही विकलं तर दुसरा कोणीतरी विकणारच. मग आपलाच तोटा का करून घ्यायचा?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

हे वाक्य रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान मेदवेदेव जवळपास असंच बोलले होते. एप्रिल २०१६ मध्ये नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशासाठी आर्मेनिया आणि अझरबैजान चार दिवस लढले, आणि दोघांचाही मोठा शस्त्रपुरवठादार रशियाच. आर्मेनिया तर रशियाचा करारातला मित्रदेश, तिथल्या ग्युम्रीला रशियाचा लष्करी तळ, आणि तरी अझरबैजानला टी-९० रणगाडे, स्मर्च रॉकेटं वगैरे विकलेली. आर्मेनियाची राजधानी येरेवानमधली माणसं चिडून रशियन वकिलातीवर चालून गेली. मेदवेदेव यांचं म्हणणं असं की आम्ही थांबलो तर जागा रिकामी राहणार नाही, दुसरा येईल, उलट दोघांकडे शस्त्रं असली की संतुलन राहतं.

संतुलन राहिलं का? २०२० मध्ये परत युद्ध झालं, ४४ दिवस, सहा हजारांहून जास्त सैनिक मेले. अझरबैजानच्या बाजूने तोवर तुर्की आणि इस्रायलचे ड्रोन आले होते. म्हणजे रशियाने विकूनही दुसरे आलेच की! तुमचं वाक्य खरं असेल तर ते दोन्हीकडून खरं आहे, आपण विकलं तरीही दुसरा येतोच.

आणि एक अजून वाईट उदाहरण, जे माझ्या डोक्यातून जात नाही. १९९८ मध्ये बाद्मे नावाच्या एका ओसाड सीमेवरच्या गावावरून इथिओपिया आणि इरिट्रिया लढायला लागले, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी दोन. इरिट्रियाने मिग-२९ घेतली, इथिओपियाने सुखोई-२७ घेतली, दोन्ही रशियन. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती एकमेकांवर तुटून पडली. जमिनीवर पहिल्या महायुद्धासारखे खंदक, दुष्काळाने लोक भुकेलेले, आणि वर आकाशात एकाच देशाची कोट्यवधी डॉलरची विमानं एकमेकांना पाडतायत. शस्त्रं देऊ नका अशी नुसती विनंती सुरक्षा परिषदेने १९९९ मध्ये केली, पक्की बंदी यायला मे २००० उजाडला. तोवर हजारो मेलेले होते आणि महिन्याभरात लढाई तशीही थांबलीच.

तोटा कोणाचा हे त्या दोन देशांच्या शेतकऱ्यांना विचारायला हवं होतं.

प्रश्न : दोघांनाही शस्त्रबंदी केली की प्रश्न मिटला, असं तुम्हाला म्हणायचंय का? मी निवृत्त लष्करी माणूस आहे, मला हे इतकं सोपं वाटत नाही.
– एक वाचक, अहिल्यानगर

सर, तुमचं बरोबर आहे, सोपं नाहीये. आणि तुमच्या गावातच मला हे पहिल्यांदा कळलं. कॉलेजात असताना तिथल्या रणगाड्यांच्या संग्रहालयात गेले होते. एप्रिलचं ऊन, पॅटन रणगाड्याच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसला. गाइड म्हणून आलेल्या जवानाने सांगितलं की हा पाकिस्तानकडून पकडलेला, अमेरिकन बनावटीचा, आणि तो तिकडे उभा आहे तो सेंच्युरियन, आपला, ब्रिटिश बनावटीचा. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ मध्ये फिलोरा-चाविंडाच्या बाजूला सेंच्युरियनमधूनच लढले आणि तिथेच १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले, परमवीरचक्र मिळालं. मला तेव्हा प्रश्न पडला होता, अमेरिका तर म्हणायची की आम्ही भारताचे मित्र?

झालं होतं असं की १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत द्यायचं ठरवलं तेव्हा आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून शब्द दिला होता, ही मदत कोणी दुसऱ्यावर आक्रमण करायला वापरली तर आम्ही लगेच त्याविरुद्ध पावलं उचलू. १९६२ मध्ये चीनने हल्ला केल्यावर अमेरिकेने आपल्यालाही मदत पाठवली. मग १९६५ उजाडलं, पॅटन खेमकरणमध्ये घुसले, आणि अमेरिकेने काय केलं तर दोघांचीही मदत थांबवली. पाकिस्तानचं लष्कर जवळपास पूर्ण अमेरिकन सामानावर उभं असल्याने बंदीचा फटका त्यांनाच जास्त बसला, त्यांना तो विश्वासघात वाटला. आपल्याला वाटलं की आक्रमण करणारा आणि सोसणारा यांना एकाच तराजूत तोललं. दोघंही नाराज, आणि शब्द दिलेलं ते पत्र फाइलमध्ये.

१९९१ मध्ये फुटत चाललेल्या सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी आली तेव्हाही असंच झालं. जुन्या सैन्याचा शस्त्रसाठा सर्बांच्या हाती होता, बोस्नियाच्या मुसलमानांकडे फारसं काही नव्हतं. कागदावर बंदी सगळ्यांना सारखी, जमिनीवर एकाचेच हात बांधलेले.

म्हणून मी असं म्हणणार नाही की कोणालाच कधीच काही देऊ नका. ज्याच्यावर हल्ला झालाय त्याला स्वतःला वाचवायला शस्त्र देणं हे मला समजतं, कधीकधी ते न देणंच चूक ठरतं. पण त्यासाठी आधी ठरवावं लागतं की हल्ला कोणी केलाय आणि मग त्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागते. दोघांना विकणारा नेमकं हेच ठरवायचं टाळतो.

प्रश्न : माझी एसआयपी डिफेन्स फंडात आहे, रिटर्न चांगले आहेत. आता अपराधी वाटायला लागलंय. बंद करू का?
– एक वाचक, पुणे

ते मी सांगू शकत नाही. एवढंच करा, फॅक्टशीट काढून त्यात कोणत्या कंपन्या आहेत बघा आणि त्यांचे वार्षिक अहवाल उघडून निर्यात कुठे होते ते शोधा. बऱ्याचदा गिऱ्हाईक देशाचं नावच मिळणार नाही. मग शेअरहोल्डर म्हणून लेखी विचारा. पैसे तुमचे आहेत, विचारायचा हक्कही तुमचाच आहे.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून दारूगोळा बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर आलीये, पॅकेज चांगलंय, घरी कर्ज आहे. आपल्या सैन्यासाठी बनवायला मला काहीच वाटणार नाही, उलट अभिमान वाटेल. पण कंपनीचा बराच माल एक्स्पोर्ट होतो आणि कुठे जातो हे एचआरला विचारलं तर त्यांनी विषय बदलला. काय करू?
– एक विद्यार्थी, नागपूर

तू तो प्रश्न विचारलास हेच मला फार आवडलं.

आधी हे समजून घे की कागदावर ही व्यवस्था कशी चालते. आपल्याकडून दारूगोळा बाहेर पाठवायचा तर त्याचं नाव स्कोमेट नावाच्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या यादीत असतं, संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते, आणि त्यासाठी घेणाऱ्या देशाचं एंड-यूजर सर्टिफिकेट लागतं. म्हणजे त्या देशाच्या लेटरहेडवर एक पत्र, त्यात मालाचं नाव, नग किती, कशासाठी, आणि आम्ही हा माल तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला देणार नाही असं वचन. खाली सही, शिक्का. सगळा धंदा त्या एका पानावर उभा असतो. नोरिकमच्या तोफांबरोबर लिबियाचा कागद होता हे वर लिहिलंच आहे. कागद पूर्ण होता, तोफा इराणमध्ये होत्या.

हे फक्त परदेशातलं नाही. इसिसने इराक-सीरियात जे घरगुती बॉम्ब बनवले त्यांचे तुकडे गोळा करून, त्यावरचे नंबर वाचून, ब्रिटनच्या कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेने २०१६ मध्ये अहवाल काढला. २० देशांच्या ५१ कंपन्यांचं सामान निघालं, त्यात सात कंपन्या भारतीय होत्या, डेटोनेटर आणि सेफ्टी फ्यूज वगैरे खाणीत, विहिरीत सुरुंगाला लागतं ते. त्या कंपन्यांनी काही बेकायदा केलं नव्हतं, सरकारचा परवाना घेऊन माल लेबनॉन आणि तुर्कीला पाठवला होता, तिथून पुढे तो गेला. विदर्भात खाणीजवळ वाढलेल्या मुलाला सुरुंगाची वात कशी दिसते हे वेगळं सांगायला नको.

आता तुझ्यासारख्याच एका इंजिनीअरचं सांगते. स्वीडनमध्ये बोफोर्समध्ये इंग्वार ब्रॅट नावाचा माणूस होता. (आपल्याला बोफोर्स म्हटलं की लाचेचंच प्रकरण आठवतं, पण त्याआधी तिथे हे चाललेलं होतं.) स्वीडिश कायद्याने युद्धाच्या भागात शस्त्रं विकता येत नव्हती आणि बोफोर्सची रोबोट-७० ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं कागदावर सिंगापूरला आणि प्रत्यक्षात दुबई, बहरीनला जात होती. ब्रॅटने कागद बघितले, जुळवले, आणि ८० च्या दशकाच्या मध्याला ते स्वीडनमधल्या एका शांतता संघटनेला दिले. आधी नाव लपवून, नंतर उघडपणे. १९८९ मध्ये बोफोर्सच्या अधिकाऱ्यांना तस्करीसाठी दोषी ठरवलं गेलं. बोफोर्सवरच जगणाऱ्या गावातला माणूस होता तो, कार्लस्कूगा. अशा गावात आपल्याच कारखान्याविरुद्ध कागद बाहेर देणं म्हणजे काय असतं ते कंपनी कॉलनीत राहिलेल्या कोणालाही कळेल.

तुला ब्रॅट हो असं मी म्हणत नाही, बावीस वर्षांच्या आणि घरी कर्ज असलेल्या मुलाकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही. ऑफर घे किंवा नको घेऊस, दोन्हीत मी तुला वाईट म्हणणार नाही. पण घेतलीस तर पहिल्या दिवसापासून एक गोष्ट कर. आपण कोणत्या ऑर्डरवर काम करतोय, ती कोणत्या देशाची, तो देश कोणाशी लढतोय किंवा कोणाला पुढे देतोय, हे माहीत करून घ्यायचं थांबवू नकोस. एचआरने विषय बदलला की तू परत त्यावर आण. माहीत झाल्यावर पोटात कसंतरी व्हायला लागलं तर ते दाबू नकोस, माझ्याशी नाही तर कोणाशी तरी बोल, घरी बोल. आणि आईबाबांना आत्ताच सांगून ठेव की अशी वेळ आली तर मी नोकरी सोडेन, म्हणजे कर्जाचा हिशोब त्याप्रमाणे मांडता येईल.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे वडील एका ऑर्डनन्स फॅक्टरीत गोळ्यांमध्ये दारू भरायच्या सेक्शनला होते, तीस वर्षं. लहानपणी त्यांचे तळहात, नखं पिवळी दिसायची, साबणाने जायची नाहीत, रुमालसुद्धा पिवळा पडायचा. आता ते ८१ वर्षांचे आहेत. २०२४ मध्ये बातमी आली होती की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या देशांनी घेऊन पुढे युक्रेनला दिले, आणि रशिया तर आपला जुना मित्र. तेव्हापासून टीव्हीवर युद्धाची बातमी लागली की बाबा खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, गोळ्यावरचा लॉट नंबर दिसतोय का बघ गं. परवा विचारलं, मी पाप केलं का? मला काय बोलावं कळलं नाही.
– एक वाचक, भुसावळ

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही.

आधी बाबांसाठी. त्यांनी पाप केलं नाही. त्यांनी जो माल भरला तो भरताना तो भारतीय सैन्यासाठी होता, ७१ ची लढाई त्यांनी तरुणपणी बघितलेली असणार, कारगिलला जे तोफगोळे द्रासच्या डोंगरावर पडले तसलेच गोळे त्यांच्यासारख्या माणसांनी भरलेले. माल कुठे विकायचा हे ठरवणाऱ्या टेबलाला ते कधी बसलेच नव्हते. सांगलीच्या वाचकाला आणि ठाण्याच्या वाचकाला मी जे लिहिलं ते ज्यांना माहीत असतं आणि ज्यांच्या हातात थांबवणं असतं त्यांच्याबद्दल आहे. बाबांना दोन्ही नव्हतं. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा.

त्या बातमीबद्दल. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने ती दिली होती, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती अंदाजावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी आहे असं सांगत फेटाळली. त्याच महिन्यात इस्रायलला जाणारी शस्त्रं थांबवावीत अशी याचिका सुप्रीम कोर्टात आली होती, ती कोर्टाने परराष्ट्र धोरण आमचं क्षेत्र नाही म्हणून घेतली नाही. म्हणजे मंत्रालय म्हणतं असं काही नाही, कोर्ट म्हणतं आम्ही बघणार नाही. मग विचारायचं कुठे? संसदेत, असं उत्तर असायला हवं. आपली संरक्षण निर्यात २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी होती, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी झाली, हे आकडे सरकार स्वतः अभिमानाने सांगतं. पुण्यात पाषाणला विकसित झालेलं पिनाका रॉकेट आता आर्मेनियाला जातंय, आणि समोर अझरबैजानकडे आपला मित्र इस्रायलचं सामान आहे. आर्मेनियाला देणं चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण कोणाला, किती, कोणत्या अटीवर, आणि दिल्यानंतर तिथे जाऊन कोणी मोजलं का, हे आपल्या खासदारांना आपण विचारत नाही. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापाराचा करार मताला आला, ज्यात लिहिलंय की नरसंहारासाठी वापरली जाणार हे माहीत असेल तर शस्त्रं द्यायची नाहीत, तेव्हा आपण मत न देता बसून राहिलो. सरकारने कारण दिलं की करार विकणाऱ्या देशांच्या बाजूने झुकलेला आहे. तेव्हा आपण मुख्यतः विकत घेणारे होतो. आता विकणारेही झालोय, तर त्या कारणाचा परत विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता लॉट नंबरचं. बाबा टीव्हीवर तो शोधतात याचं तुम्हाला वाईट वाटतंय हे कळलं, पण त्यांना हे सांगा. वर मी ज्या संस्थेबद्दल लिहिलं तिची माणसं इराकमधल्या मोसूलच्या आसपासच्या पडक्या घरांत गुडघ्यावर बसून हेच करत होती. गोळ्याचा तुकडा उचलायचा, माती पुसायची, नंबर वाचायचा, फोटो काढायचा, कारखान्याला पत्र लिहायचं की हा तुम्ही कोणाला विकला होता. कारखान्यात कोणीतरी तो नंबर नीट टाकलेला असतो आणि रजिस्टरमध्ये नीट लिहिलेला असतो म्हणूनच हे जमतं. तुमच्या बाबांच्या सेक्शनला नंबर कसे टाकायचे, रजिस्टर कोण लिहायचं, खाडाखोड झाली तर काय करायचे, हे त्यांना विचारा आणि ते जे सांगतील ते एका वहीत उतरवून घ्या. मलाही वाचायला पाठवा.